पदवी स्वस्त कोणती आणि महाग कोणती?

(बोदवड येथे बारावीच्या व पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी झालेल्या मार्गदर्शन मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मग पत्रकारिता आणि मीडियाच्या शिक्षणावर मी काय बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. त्याचं कारण माझी भाची. बारावी झाल्यावर तिनं घरात जाहीर केलं की तिला बातमीदार व्हायचंय. तिच्या अब्बांचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यांचा मला फोन आला, "भाई, या पोरीला जरा समजवा."

मी समजवायलाच आलो होतो. तिनं मला मोबाईलवर तिचा दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवला. गल्लीतल्या पाच बायकांना तिनं एकच प्रश्न विचारला होता: "नळाला पाणी येत नाही, त्या दिवशी तुमचं कोणतं काम राहतं?" एक म्हणाली, मजुरी बुडते. एक म्हणाली, पोरीची शाळा बुडते. बोदवडमध्ये पाण्याची तक्रार सगळेच करतात, पण हा प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता. मी समजावणं सोडलं आणि हिशोबाला बसलो.

हिशोबाला बसायचं आणखी एक कारण आमच्या घरातच आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावानं एका मोठ्या शहरातल्या खासगी संस्थेत मीडियाचा तीन वर्षांचा कोर्स केला. संस्थेचं नाव घेत नाही. चकचकीत स्टुडिओ, मोठे कॅमेरे, माहितीपत्रकावर हसरे चेहरे. अम्मीनं बांगड्या मोडून फी भरली. पुढे तो एमएला अर्ज करायला गेला, तेव्हा कळलं की हातात आहे ती पदवीच नाही. ते संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र होतं. पोरगा हुशार होता. आम्ही चार मोठी माणसं होतो, पण एकानंही विचारलं नाही की पदवी कोणतं विद्यापीठ देणार.

म्हणून आजचं माझं म्हणणं एवढंच आहे. फीचा आकडा पाहून स्वस्त-महाग ठरवू नका. घरातून निघाल्यापासून कामाला लागेपर्यंतच्या पूर्ण रस्त्याचा खर्च मांडा. त्यासाठी पाच प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न, पदवी कोण देणार? १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेनं तसा खास अधिकार दिलेल्या संस्थेला आहे. 'अकादमी' आणि 'इन्स्टिट्यूट' असल्या नावांवर जाऊ नका. गुणपत्रिकेवर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार ते विचारा आणि ते नाव आयोगाच्या यादीत शोधा. आयोग बनावट विद्यापीठांचीही यादी प्रसिद्ध करतो, तीही बघा. पुढे सरकारी माहिती खात्यातल्या अधिकाऱ्याच्या पदासाठी अर्ज करायचा झाला तर पत्रकारितेची पदवी किंवा पदविका मागतात. तिथं स्टुडिओचे फोटो चालत नाहीत.

दुसरा प्रश्न, अभ्यासक्रम अनुदानित आहे की विनाअनुदानित? एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत दोन्ही असतात. अनुदानित बीएच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी कमी. मीडियाचे अभ्यासक्रम पुष्कळ ठिकाणी विनाअनुदानित असतात. तिथं पगार, कॅमेरा, संगणक सगळं विद्यार्थ्याच्या फीतून निघतं. मुंबई विद्यापीठाचा जुना बीएमएम, ज्याला आता बीएएमएमसी म्हणतात, तो बहुतेक कॉलेजांत असाच चालतो.

तिसरा प्रश्न, शिष्यवृत्ती खरंच मिळणार का? हा अभ्यासक्रम, याच कॉलेजच्या नावावर, महाडीबीटी पोर्टलवर दिसतो का, हे प्रवेशाआधी पाहा. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्न गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, हे तुम्ही ऐकलं असेल. पण तुमचा कोर्स 'व्यावसायिक'च्या यादीत बसतो का, हे कॉलेजच्या कार्यालयातून लेखी घ्या. राज्याच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीसाठीही तेच विचारा. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत, तडवी भिल्ल अनुसूचित जमातीत आहेत. पण जात प्रमाणपत्र, पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला हे सगळं आपण प्रवेशाच्या आठवड्यात शोधत बसतो. ते आत्ता काढा. दिल्ली-हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठांत केंद्राच्या यादीचं ओबीसी प्रमाणपत्र लागतं, राज्याचं चालत नाही.

चौथा प्रश्न, राहायचं कुठे आणि खायचं कुठे? समजा खोली आणि डबा मिळून महिन्याला सात हजार. दहा महिन्यांचे सत्तर हजार, तीन वर्षांचे दोन लाख दहा हजार. यात फी अजून आलीच नाही. फी माफ असलेला शहरातला कोर्स असा महाग पडतो आणि थोडी फी असलेला जवळचा कोर्स स्वस्त पडतो.

पाचवा प्रश्न, शिकायचं कोणत्या भाषेत? उर्दू माध्यमातून आलेला मुलगा इंग्रजी वर्गात दोन वर्षं नुसता गप्प बसला तर त्या दोन वर्षांची किंमत कोण मोजणार?

आता हे पाच प्रश्न घेऊन आपल्या स्टेशनवर उभे राहा.

पश्चिमेची गाडी भुसावळमार्गे जळगावला जाते. तिथं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, मूळजी जेठा महाविद्यालय आहे आणि दोन्हीकडे पत्रकारितेचं शिक्षण आहे. अपडाऊन जमतं. खोलीचे दोन लाख वाचतात.

पूर्वेची गाडी मलकापूर, शेगाव, अकोला करत बडनेऱ्याला पोचते. तिथून अमरावती जवळ. १९६५ साली दिल्लीत सुरू झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र अमरावतीत आहे आणि तिथं मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे. ही पदविका पदवीनंतरची आहे आणि प्रवेश स्पर्धेतून आहे. आपल्याच रुळावर देशातली नामांकित संस्था आहे आणि आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे?

भुसावळहून उत्तरेला गेलात तर बऱ्हाणपूरच्या पुढे खंडवा. माखनलाल चतुर्वेदींनी 'कर्मवीर' चालवलं ते हे गाव. त्यांच्याच नावाचं पत्रकारिता विद्यापीठ भोपाळला आहे आणि शिक्षण हिंदीतून आहे. आपल्या मुलांना हिंदी जड जात नाही.

उर्दूतून शिकलेल्यांसाठी हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आहे, १९९८ सालचं. तिथं पत्रकारितेचं एमए उर्दूतून होतं. ज्या उर्दूला आपण 'पुढे काही उपयोग नाही' म्हणतो, ती तिथं प्रवेशाची अट आहे. दिल्लीच्या जामिया मिल्लियातलं १९८२ चं मास कम्युनिकेशन केंद्र सिनेमा आणि माहितीपटांसाठी नावाजलेलं आहे. तिथं प्रवेश कठीण आहे आणि दिल्लीत राहण्याचा खर्चही मोठा आहे.

आणि ज्यांना घर सोडताच येत नाही, त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू आहे. २०२२ पासून आयोगानं एक नियमित आणि एक दूरस्थ असे दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे. तुमच्या कॉलेजचा नियम तेवढा विचारून घ्या. दूरस्थ शिक्षणात पुस्तकं घरी येतात, पण चूक दाखवणारा संपादक घरी येत नाही. तो तुम्हाला शोधावा लागेल. एखाद्या तालुका वार्ताहराबरोबर सहा महिने फिरा.

हिशोबाअंती आमच्या घरात जे ठरलं ते सांगतो. भाची जळगावला अपडाऊन करून अनुदानित बीए करणार, अर्थशास्त्र घेऊन. कापसाचा भाव का पडतो हे कळल्याशिवाय बोदवडची बातमी कशी लिहिणार, हे तिचंच म्हणणं. सोबत दर महिन्याला एक बातमी किंवा व्हिडिओ करायचा, म्हणजे तीन वर्षांत छत्तीस कामं दाखवायला होतील. मग अमरावतीसाठी प्रयत्न. तिथं नाही जमलं तर विद्यापीठाचं एमए किंवा मुक्त विद्यापीठ. कर्ज कुठेच नाही. सुरुवातीचा पगार या धंद्यात कमी असतो. लाखांचं कर्ज डोक्यावर असलेला पत्रकार पहिल्याच वर्षी पत्रकारिता सोडून मिळेल ती नोकरी धरतो.

पालकांना शेवटचं सांगतो. टीव्हीवर आपल्याबद्दल बोलतात, पण आपल्याला विचारत नाहीत, ही तक्रार आपण रोज चहाच्या टपरीवर करतो. ती खरी आहे. पण त्या टेबलावर आपलं पोर बसवायचं म्हटलं की आपण म्हणतो, डीएड कर, फार्मसी कर. मीही तेच म्हणायला आलो होतो. आणि हे फक्त आपल्या बाजूनं बोलायला माणूस हवा म्हणून नाही. भाचीच्या व्हिडिओतल्या पाच बायकांपैकी दोघी आपल्या मोहल्ल्यातल्या नव्हत्या. पाणी त्यांच्याही नळाला नव्हतं.

बाहेर टेबलावर या पाच प्रश्नांचा कागद ठेवला आहे. एकेक घेऊन जा. ज्या कॉलेजात जाल तिथं तो पुढे करा आणि उत्तरं लिहून घ्या. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करील, त्याच्याकडे फी भरू नका.