छताविना गेलेल्या रात्रींचा हिशेब
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



बेघर म्हटले की डोळ्यांपुढे महानगराचा पदपथ उभा राहतो. परंतु २०११ च्या जनगणनेत नोंदल्या गेलेल्या १७ लाख ७३ हजार बेघरांपैकी ८ लाख ३४ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मे, ग्रामीण भागात आढळले होते. नंदुरबार जिल्ह्यातील बेघर तरुणांचा प्रश्न या अर्ध्या भागाशी निगडित आहे आणि तो मोजणीपाशीच अडून बसला आहे.

दिवाळी आटोपली की अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे मुकादमाची उचल अंगावर घेऊन सुरत जिल्ह्यात, बारडोली परिसरातील सहकारी साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जातात. ही वाट जुनी आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकातच खानदेशातून जाणाऱ्या या मजुरांचा अभ्यास केला होता. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. पंधरा वर्षांचा मुलगा मोळ्या बांधतो, मुलगी भावंडे सांभाळते. परंतु मुकादमाच्या वहीत त्यांना जागा नसते. एकट्या तरुणाचा कोयता होत नाही, म्हणून कोवळ्या वयात लग्ने उरकली जातात. उन्हाळ्यापर्यंत मुक्काम पडावावर. पडाव म्हणजे उघड्या रानात बांबूवर ताणलेले प्लास्टिक.

हे तरुण बेघर आहेत काय? सातपुड्यात घर आहे, म्हणून ते बेघर नाहीत. हजेरीपटावर नाव आहे, म्हणून ते शाळाबाह्य नाहीत. वहीत नाव नाही, म्हणून ते कामगारही नाहीत. तीनही रकाने कोरे राहतात आणि कोऱ्या रकान्यासाठी कोणतेही शासन तरतूद करीत नाही.

जनगणनेचा नियम वास्तविक स्पष्ट आहे. गणनेच्या संपूर्ण काळात जो गावाबाहेर असेल, त्याची नोंद तो जेथे सापडेल तेथे व्हावयाची. २०११ मध्ये हा काळ ९ ते २८ फेब्रुवारी असा होता आणि बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. फेब्रुवारी म्हणजे तोडीचा ऐन हंगाम! गावातील प्रगणकाने ही नावे घ्यावयाची नाहीत आणि पडावापर्यंत दुसरा प्रगणक पोहोचेलच याची हमी नाही. पहाटेच फडावर गेलेली माणसे त्याला भेटणार केव्हा? १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील गणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ अशी ठरली आहे. पुन्हा तोच हंगाम, तेच पडाव.

मदतीच्या योजनाही याच फटीतून निसटतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये लाख वस्तीमागे एक निवारा उभारण्यास सांगितले, ते शहरांसाठी. हंगामी वसतिगृहे शाळकरी मुलांसाठी. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये नंदुरबारसह सहा जिल्ह्यांत स्थलांतरितांचा मागोवा घेणारी प्रणाली प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. तिच्या कक्षेत गरोदर व स्तनदा माता आणि १८ वर्षांपर्यंतची मुले आली. अठरा ओलांडलेला तरुण तेथेही गळाला. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने योग्य निवासाची जबाबदारी ठेकेदारावर टाकली होती. तो कायदा आता २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला आहे. मधल्या चार दशकांत पडावावरचे प्लास्टिक मात्र हटले नाही.

‘बेघर’ हा शिक्का मानी आदिवासी तरुणाला रुचणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे घर आहे आणि त्या घराचा त्याला अभिमानही आहे. म्हणून माणसावर शिक्का मारण्याऐवजी वर्षाकाठी छताविना गेलेल्या त्याच्या रात्री मोजाव्यात. सहा महिने उघड्यावर काढणाऱ्याचा निवाऱ्यावरील हक्क सहा महिन्यांपुरता तरी निर्विवाद ठरतो.

ही मोजणी गावानेच करावयाची आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. दिवाळीपूर्वी चौदा ते चोवीस वयाच्या प्रत्येकाची नोंद पाड्यापाड्यावर घ्यावी : कोण निघाला, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्याकडे. ही वही ग्रामसभेच्या ताब्यात राहावी; मुकादमाच्या हाती ती पडल्यास तिचेच हत्यार होईल. फेब्रुवारीत कार्यकर्त्यांनी सीमेपलीकडील पडावांवर जाऊन ती पडताळावी आणि वगळलेली नावे दोन्ही राज्यांच्या गणना अधिकाऱ्यांपुढे लेखी ठेवावीत. चौदाच्या पुढील मुलामुलींसाठी वसतिगृह आणि पडावावर पक्के छप्पर, या मागण्यांना तेव्हाच आकड्यांचे बळ मिळेल.

१९७२ मध्ये शहाद्यात उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींसाठी लढा दिला. त्या लढ्यातील कुटुंबांची नातवंडे आज उसाच्या फडात आहेत. त्यांची नावे लिहून घेणे हे कारकुनी काम समजू नये; चळवळीचे पहिले पाऊल तेच आहे.