वारीतील रात्र



झोपेत श्वास अडतो, म्हणून मला नाकाला सीपॅप यंत्र लावूनच निजावे लागते. पण त्यापायी आषाढीची वारी का चुकवावी? माळशिरस, वेळापूरच्या मुक्कामी राहुटीत विजेचा भरवसा नसतो. म्हणून मी आधी हिशेब मांडला. यंत्राला 30 वॅट लागत असतील, तर 8 तासांना 240 वॅट-तास होतात. बॅटरी याहून मोठीच घ्यावी. हवा दमट करणारा तापता भाग डॉक्टरांना विचारून बंद ठेवला, तर पुष्कळ वीज वाचते. निघण्यापूर्वी एक रात्र घरीच बॅटरीवर निजून पाहिले. वाटेत दिंडीच्या मोटारीत ती रोज चार्ज करून घेतली.

बायका हसतील म्हणून यंत्र घरी ठेवू नका. कोणी चष्मा लावते, मी हे लावते, इतकेच!