रात्री आलेला माणूस

(वसंत व्याख्यानमालेत अंबाजोगाई येथे दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापून आला, ‘प्रकाश की अंधार : ख्रिस्ती श्रद्धेतली निवड’, आणि दुसऱ्याच दिवशी एका स्नेह्यांचा फोन. म्हणाले, ‘सर, यात निवड कसली आली? अंधार कोण पसंत करेल?’ मी म्हटलं, ‘वैशाखात आमच्याकडे या. दुपारी बारा ते चार या वेळात बीड जिल्ह्यात उजेड कोण पसंत करतो ते बघा.’ खिडक्यांना चादरी लावलेल्या, दारं लोटलेली, आणि माणसं फरशीवर अंधारात पडलेली. थंड देशातल्या माणसाला प्रकाश म्हटलं की ऊब आठवते. आपल्याला ऊन आठवतं. ते भाजतं, डोळ्यांवर येतं, आणि भिंतीवरची प्रत्येक भेग दाखवतं.

येशू ज्या मुलखात वाढला तिथलं ऊनही आपल्यासारखंच. त्याने स्वतःला जगाचा प्रकाश म्हटलं तेव्हा ऐकणाऱ्यांना नुसतं बरं वाटलं असेल, असं मी धरून चालत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात तिसरा आणि चौथा अध्याय शेजारी शेजारी आहेत. दोन्हींत येशूला एकेक माणूस भेटतो. तिसऱ्यात निकदेम. हा परुशी, शास्त्री, यहुदी सभेचा मोठा माणूस. तो रात्री येतो. चौथ्यात शोमरोनी बाई. तिचं नावसुद्धा दिलेलं नाही. ती भर दुपारी विहिरीवर येते. निकदेम नम्रपणे बोलतो, गुरुजी म्हणतो, प्रश्न विचारतो, आणि संभाषणातून कधी नाहीसा होतो ते कळतच नाही. बाईला येशू तिच्या पाच नवऱ्यांचा आणि आत्ताच्या माणसाचा हिशेब तोंडावर सांगतो. ती घागर तिथेच टाकून गावात पळते आणि सांगत सुटते की, मी जे जे केलं ते त्याने मला सांगितलं. जे झाकायचं, तेच तिने गावभर केलं!

निकदेमाशी झालेल्या बोलण्यातच योहान निवाड्याची व्याख्या देतो. प्रकाश आला आणि माणसांना अंधार अधिक आवडला, हाच निवाडा. वरून वीज पडत नाही, कोणी वही उघडत नाही. आवडीतच निकाल लागलेला असतो. आणि अंधार का आवडतो, याचं कारणही तो साधं देतो : केलेलं दिसू नये म्हणून. मला आज एवढंच सांगायचं आहे. ख्रिस्ती श्रद्धेत प्रकाश निवडणं म्हणजे चांगल्यांच्या बाजूला जाऊन बसणं नव्हे. आपण दिसलो तरी चालेल, याला कबूल होणं.

चौथ्या शतकात यरुशलेममध्ये ही निवड अंगाने करावी लागे. बिशप सिरिल यांच्या नावावरच्या प्रवचनांत त्याचं वर्णन आहे. बाप्तिस्मा घेणारा आधी पश्चिमेला तोंड करून उभा राही, कारण पश्चिम ही सूर्य मावळण्याची, अंधाराची दिशा. तिकडे हात पुढे करून, जणू सैतान समोरच उभा आहे असं धरून, तो त्याला नाकारी. मग वळून पूर्वेला तोंड करी. मला यातली गंमत अशी वाटते की आधी अंधाराकडे तोंड करावं लागे. पाठ फिरवून पळालेला माणूस तिथे चालत नव्हता.

आता आपल्या गावाकडे येतो. संतकवी दासोपंतांची पासोडी इथेच अंबाजोगाईत आहे. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापड, आणि त्यावर लिहिलेलं ‘पंचीकरण’ हे वेदान्तपर काव्य. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. ते इथे ओव्या लिहीत होते, तेव्हा त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा एक इंग्रज जेझुइट गोव्यात साष्टीला बसून मराठीतच ओव्या रचत होता. फादर थॉमस स्टीफन्स. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, दासोपंत गेल्यानंतरच्या वर्षी. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही. पण छंद एक, भाषा एक, आणि तळमळही एकच : जे गहन आहे ते मराठी माणसाला त्याच्या बोलीत कळावं. ख्रिस्ताचा स्वर्ग सांगताना स्टीफन्सने ‘वैकुंठ’ हा शब्द बिनदिक्कत वापरला.

पण त्याच साष्टीत १५६७ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली होती, हे वगळून ख्रिस्तपुराणाचं कौतुक करणं मला जमत नाही. पाडणाऱ्यांचीही समजूत अशीच होती की आपण प्रकाश आणला. आपला तो प्रकाश आणि शेजाऱ्याचा तो अंधार, एवढी सोपी वाटणी झाली की दिव्याची चूड व्हायला वेळ लागत नाही.

एकोणिसाव्या शतकातले मराठी ख्रिस्ती उजेडाच्या शब्दांवर फार लुब्ध होते. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरला पत्र काढलं, त्याचं नाव ‘ज्ञानोदय’. बाबा पदमनजींनी आत्मचरित्राला नाव दिलं ‘अरुणोदय’. नावं सुंदर आहेत. फक्त उदय म्हटलं की आदली रात्र कोणाची, हा प्रश्न येतो, आणि त्या काळच्या लिखाणात त्याचं उत्तर बहुधा ‘तुमची’ असं असे. नारायण वामन टिळकांनी हे उत्तर नाकारलं. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. ज्या रात्रीत तुकाराम आहेत तिला निव्वळ रात्र कशी म्हणणार? पुढे १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती, न झालेल्यांनाही होती.

तरी टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट माझ्या विषयाला जवळची. टिळक कवी. आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार हातात दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाईंवर आभाळ कोसळलं. ज्यांचे वडील घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घेत, अशा सोवळ्याच्या घरातली ही मुलगी. तिला कोणी प्रवचनाने जिंकलं नाही. काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. एकत्र आल्यावरही चूल आणि पाणी वेगळं होतं. मग राहुरीला असताना एक दिवस त्या विचार करत बसल्या : देवाने माणसं केली, मग जाती कोणी केल्या? त्याच बैठकीत त्यांनी ठरवलं की यापुढे कोणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये.

बाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचा. या पानांपाशी थांबा. साक्षात्कार म्हणून आपण जे कल्पितो, त्यातलं इथे काहीच नाही. न तेजोवलय, न आकाशवाणी. आहे तो पाण्याचा तांब्या. पण मला विचाराल तर बाईंची निवड तिथेच झाली. बाप्तिस्मा हा त्या निवडीवरचा शिक्का. स्वतःच्या मनातली जी गोष्ट त्यांनी धर्म म्हणून सांभाळली होती, तीच त्यांनी उजेडात आणून पाहिली. आणि हे त्यांनी पुढे छापून टाकलं, स्वतःच्या फजितीसकट, हसत हसत. शोमरोनी बाईची घागर मला इथे आठवते.

माझ्या समाजालाही या ठिकाणी बोललं पाहिजे. मराठवाड्यातले बहुतेक ख्रिस्ती गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आले. दुष्काळात आले म्हणून ‘भाकरीसाठी बाटले’ असा टोमणा आम्ही तीन-चार पिढ्या ऐकत आहोत. ज्याला पाणवठ्यावर पाय ठेवू दिला नाही, त्याने पाणी देणाऱ्याचं ऐकलं, यात लाज कोणाची? पण प्रकाशात आलो असं म्हणणारे आम्ही सोयरीक ठरवताना मूळ जात हळूच विचारतो, तेव्हा तो प्रश्न नेहमी दार लोटून, आवाज खाली करून विचारला जातो. योहानाच्या पहिल्या पत्रात स्पष्ट आहे : प्रकाशात आहे म्हणणारा भावाचा द्वेष करत असेल, तर तो अजून अंधारातच आहे.

आणि आता जिल्ह्याची गोष्ट. ती टाळून मला खाली बसता येणार नाही. सोनोग्राफीच्या खोलीत पडदा नीट दिसावा म्हणून दिवा मंद करतात. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली होत्या ८०७, साऱ्या महाराष्ट्रात सर्वांत कमी. पुढच्याच वर्षी परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण देशभर गाजलं. त्या मंद दिव्याच्या खोलीत फक्त डॉक्टर नव्हता. सासू होती, नवरा होता, पैसे उसने देणारा मामा होता, आणि मुकाट्याने पडून राहिलेली ती. यातला एकही माणूस स्वतःला अंधाराचा पूजक म्हणवून घेणार नाही. सगळे देवाला नवस बोलणारे. आमच्यातलेही काही रविवारी प्रार्थनेला येणारे असतील. ख्रिस्ती घरं यातून सुटली, असं मी म्हणणार नाही. माझ्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत आहे. अंधार असाच निवडतात, नाव न घेता.

निकदेमाचं पुढे काय झालं, हे तुमच्यापैकी कोणीतरी विचारणार. तो आणखी दोनदा येतो. सातव्या अध्यायात आपल्याच सभेत येशूच्या बाजूने चाचरत एक कायद्याचा मुद्दा मांडतो आणि टोमणा खाऊन गप्प बसतो. शेवटी एकोणिसाव्यात, शिष्य पांगलेले असताना, क्रुसावरून उतरवलेल्या देहासाठी सुमारे ३३ किलो गंधरस आणि अगरू घेऊन हजर होतो. शब्बाथ लागायच्या आत, म्हणजे दिवस मावळण्यापूर्वी. एवढं ओझं लपवून आणता येत नाही. योहान इथेही त्याची ओळख देताना आठवण करून देतो की, हा पूर्वी रात्री आला होता.

आपल्याकडे नाताळला कितीतरी घरांना कुलूप असतं. ऊसतोडीची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास गेलेली जोडपी तेव्हा फडावर, कोपीत. ईस्टरपर्यंत बरेचसे कोयते (अशा जोडप्याला इथे कोयताच म्हणतात) परतलेले असतात. त्या शनिवारी रात्री कॅथलिक मंदिरातले सगळे दिवे मालवतात, दाराबाहेर नवा विस्तव पेटवून त्यावर मोठी मेणबत्ती लावतात आणि ती काळोखातून आत आणतात. तिच्यावरून माणसं हातातल्या मेणबत्त्या पेटवत जातात, या रांगेतून त्या रांगेत. मग पुरोहित विचारतात, सैतानाला नाकारता का? त्या उजेडात वाचता फारसं येत नाही. शेजारच्या माणसाचा चेहरा मात्र दिसतो, हंगामभर रापलेला. कोण कोणाची नजर चुकवतं आहे, तेही दिसतं.