सेंद्रिय, नैसर्गिक की रासायनिक?
(गुरुकुंज मोझरी येथे गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



सेंद्रिय अन् नैसर्गिक शेती एकच, असं बऱ्याच जणी समजतात. तसं नाही. सेंद्रिय शेतीत शेणखत, गांडूळखत विकत आणलं तरी चालते. नैसर्गिक शेतीत जे घरचं, वावरातलं, तेच वापरायचं. ही पद्धत मांडणारे सुभाष पाळेकर आपल्याच जिल्ह्यातले, बेलोऱ्याचे. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

एका एकराचं जीवामृत असं: २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन एक-दोन किलो, बांधावरची मूठभर माती. ४८ तास सावलीत ठेवायचं, रोज दोनदा ढवळायचं. खर्च थोडा. पण शेण गोळा करणार कोण, ढवळणार कोण? आपणच ना! हे काम कोणी हिशोबात धरत नाही.

रासायनिकमध्ये खत, औषध उधारीवर येते आणि पाऊस दगा देते तेव्हा उधारी तशीच राहते. तणनाशकानं निंदण वाचते खरं. वावरवालीचा पैसा वाचतो, मजूर बाईचा रोज बुडतो. आपल्या गटात दोघीही आहेत.

रासायनिक खत एकदम बंद केलं तर सुरुवातीला उतारा घटू शकतो. म्हणून सगळं वावर पणाला लावू नका. अर्धा एकर घ्या, पऱ्हाटीत तूर लावा. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. दोन्ही तुकड्यांचा हिशोब वेगळा लिहा, स्वतःची मजुरी धरून. वेचणी संपली की वह्या घेऊन या, सोबत बसून पाहू.