फरक एका अक्षराचा

करोल बागेत, गफ्फार मार्केटमधल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासाठी पान बनवतोय असं समजून आज थाइमलीफचा सराव करू. ग्राहकानं लिहिलेली तक्रार जावा सर्व्हरवरच टेम्प्लेटमध्ये भरली जाते आणि तयार एचटीएमएल ब्राउझरकडे जातं. आता तक्रारीत कुणी स्क्रिप्ट टॅग लिहिला तर? ‘टीएच:टेक्स्ट’ वापरलं असेल, तर तो नुसता मजकूर म्हणून दिसतो. ‘टीएच:यूटेक्स्ट’ असेल, तर तोच कोड दुकानदाराच्या ब्राउझरमध्ये, त्याच्या लॉगिनवर चालतो. म्हणून आधी स्वतःच असा टॅग भरून पाहा. अलर्टची खिडकी उघडली, तर टेम्प्लेट चुकलं. टॅग अक्षरं म्हणून दिसला, की पुढचं पान करायला घ्या.