‘आमची साखर काही करत नाही हो!’
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये केलेलं भाषण)



मी समुपदेशक आहे. माझ्याबरोबर कामावर येणारी आमची लॅब्रेडॉर, साखर, तुम्ही लिफ्टमध्ये पाहिलीच असेल. कमिटीने सांगितलं, तिच्याविषयी बोला.

ही पद्धत काही माझी नाही. बोरिस लेव्हिन्सन नावाचे अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञ होते. एक अबोल मुलगा त्यांच्याकडे वेळेआधीच आला, तेव्हा त्यांचा कुत्रा जिंगल्स खोलीत होता. मुलगा त्याच्याशी खेळायला लागला. त्या अनुभवावर लेव्हिन्सन यांनी १९६२ साली लेख लिहिला.

पण मला आज माझी चूक सांगायची आहे. एक बाई माझ्याकडे यायच्या. साखर जवळ बसली की पाय आत ओढून, पर्स घट्ट धरून बसायच्या. मला वाटलं, दुःखाने अंग चोरतायत. चौथ्या वेळी साखर आजारी म्हणून घरी होती. त्या दिवशी बाई पहिल्यांदा मोकळेपणाने रडल्या. निघताना म्हणाल्या, “लहानपणी कुत्रा चावला होता. पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होती.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमचं एवढं लाडकं जनावर. तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

मदत मागायला आलेलं माणूसच माझं मन जपत होतं!

तेव्हापासून मी पहिल्या फोनवरच विचारते: कुत्रा चालेल का? भीती असेल, दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल, घरच्या रीतीत बसत नसेल. कारण सांगायची गरज नाही. ‘नको’ म्हटलं की साखर घरी. अ‍ॅलर्जी असेल तर खोलीही वेगळी, कारण कुत्रा गेला तरी केस सतरंजीवर राहतात. आज ‘हो’ म्हणणाऱ्याला उद्या ‘नको’ म्हणता येतं. आणि साखर स्वतः उठून कोपऱ्यात गेली, तर तिलाही सुट्टी.

मंडळी, ‘आमचा काही करत नाही हो’ असं आपण सगळेच म्हणतो. ते कुत्र्याविषयी खरंही असतं. पण समोरच्याला काय होतंय, ते त्यात येत नाही. लिफ्टचं दार उघडलं की एवढंच विचारूया, “आम्ही आत येऊ, की पुढच्या खेपेला?” आणि उत्तर ‘नंतर या’ असेल, तर राग धरायचा नाही. मीही धरणार नाही.