सिस्टरलाही विचारा, कशी आहेस?



शेलूबाजारच्या आपल्या शाळेतून काही जणी नर्सिंगला गेल्या. त्यांच्यातली एक म्हणून दोन शब्द बोलते.

२०२० हे जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका व सुईणींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी कोरोना आला. पीपीई किट घातले की ड्युटी संपेपर्यंत पाण्याचा घोट नाही. नातेवाइकांना आत येता येत नसे. शेवटचा हात आम्हीच धरायचो, फोन पेशंटच्या कानाला आम्हीच लावायचो. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसपेक्षा जास्त रुग्ण दगावले. त्या वेळी वॉर्डात असलेल्या सिस्टरचा विचार करून पाहा.

साथ सरली, पण मॉनिटरचा आवाज काहींच्या कानातून गेला नाही. झोपेतून दचकून उठणे, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, त्या वॉर्डाकडे जायचे टाळणे, उगाच चिडणे, हे महिन्याहून अधिक टिकले तर तो आघातानंतरचा मानसिक आजार असू शकतो. तो मनाचा दुबळेपणा नव्हे. समुपदेशनाने, गरज पडल्यास औषधाने, त्यातून बाहेर पडता येते.

तेव्हा तुम्ही आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या, त्याची आठवण आहे. आता एवढेच करा: घरात, शेजारी, आपल्या बॅचमध्ये कुणी सिस्टर किंवा ब्रदर असेल, तर ‘झालं गेलं विसर’ म्हणू नका. निवांत बसून ऐकून घ्या. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांकही सांगा.